अंदाजे सुखरूप

नकाशावर रूपेशची होडी बंदरात लागलेली होती. हिरवा ठिपका, त्याच्या बाजूला 'सातेरीप्रसाद' हे नाव, आणि नावाखाली एकच शब्द : सुखरूप. हर्षदाने फोन कंपनीच्या बंदरावरच्या केंद्राच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. ठिपका जिथे होता तिथे नुसतं पाणी होतं. दोन्ही बाजूंना होड्या दाटीवाटीने बांधलेल्या, दोर ताणलेले, माणसं ताडपत्र्या आवळायच्या घाईत, आणि मधे बरोबर एका होडीपुरती जागा मोकळी.

तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि पुन्हा बाहेर. पडद्यावर तिचा भाऊ घरी आला होता. बाहेर तो नव्हता.

"इम्रान," तिने शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला हाक मारली, "सातेरीप्रसादचा शेवटचा खरा सिग्नल कधीचा आहे बघ. अंदाजाचा नको, खरा."

इम्रान मुकादमने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता कामाला लागला. बाहेर वाऱ्याने बंदरावरचं एक पत्र्याचं छप्पर उचललं आणि आपटलं.

हा 'सुखरूप' कुठून आला ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. फोनची बॅटरी कशात जाते असं विचारलं तर लोक पडद्याकडे बोट दाखवतात. टॉवरपासून लांब गेलेल्या फोनचं मोठं खाणं मात्र वेगळंच असतं. टॉवर जवळ असला की फोन कुजबुजतो, लांब असला की त्याला ओरडावं लागतं, आणि ओरडायला ताकद लागते. बरं, दोन शब्द ओरडून झाले म्हणून त्याचा रेडिओ लगेच झोपी जात नाही. आणखी काही बोलायचं असेल, काही उत्तर येईल, म्हणून तो काही सेकंद तसाच जागा राहतो आणि बॅटरी पीत बसतो. 'जेवलंय' एवढं सांगायला फोन जेवढा खर्च करतो, तेवढ्यात त्याला कितीतरी वेळ नुसतं पडून राहता आलं असतं. समुद्रावर गेलेले फोन म्हणूनच दुसऱ्या दिवशी मान टाकायचे.

हर्षदाच्या कंपनीने आधी निरोपांची मोट बांधून पाहिली. दहा निरोप साठवायचे आणि एकदाच ओरडायचं. फरक पडला, पण पुरेसा नाही. मग तिच्या गटाला वाटलं, निरोप पाठवायचाच कशाला? माणसं रोज तेच तेच बोलतात. समुद्रावरच्या फोनमध्ये आणि घरच्या फोनमध्ये त्या माणसाच्या वागण्याबोलण्याचा एकच अंदाज बसवला. समुद्रावरचा फोन आधी पाहतो, की घरचा फोन आत्ता काय अंदाज करेल. तो बरोबर असेल तर हा गप्प बसतो, आणि घरचा फोन आपल्या मनानेच निरोप दाखवून मोकळा होतो. अंदाज चुकत असेल तरच हा तोंड उघडतो. गावाकडे म्हणतात ना, 'येणार नसलो तरच निरोप धाडीन', त्यातलाच प्रकार. बॅटरी आठवडा आठवडा टिकायला लागली आणि हर्षदाच्या गटाला बक्षीस मिळालं.

यात एक खोट होती. गप्प असलेला फोन दोन कारणांनी गप्प असू शकतो : सगळं अंदाजाप्रमाणे चाललंय म्हणून, नाहीतर त्याला बोलताच येत नाही म्हणून. जमिनीवर यासाठी फोन अधूनमधून बारीकशी हजेरी देत असे. समुद्रावर ती हजेरीच सगळ्यात महाग पडे, म्हणून तिथे ती काढून टाकली. सुरुवातीला अंदाजाचे निरोप फिकट रंगात दिसायचे. लोकांना ते आवडेना, आपल्या माणसाचा निरोप आजारी दिसतो म्हणायचे. मग रंगही एक करून टाकला.

ही खोट कंपनीच्या आधी मच्छीमारांनी हेरली. चांगली मासळी कुठे लागते हे सख्ख्या भावालाही न सांगणारी ही माणसं! फोन पत्र्याच्या डब्यात घालून झाकण लावलं की फोन मुका, आणि नकाशा बिनदिक्कत सांगणार की हा इतरांबरोबरच आहे. तेवढ्यात आपण आपल्या गुप्त जागेवर जाऊन सुरमई भरून यायचं. सगळ्या किनाऱ्याने हे अंदाजाचं तंत्र उचलून धरलं ते बॅटरीसाठी, असा कंपनीचा समज होता. किनाऱ्याने तो समज काही दूर केला नाही.

आज पहाटे वादळाचा इशारा गेला आणि सगळ्या होड्या वळल्या. रूपेशचा फोन डब्यात होता, त्यामुळे त्याला इशारा मिळालाच नसणार. पण इशारा मिळाला की रूपेश परत फिरतो हे यंत्राला पाठ होतं. म्हणून त्याचा ठिपका इतरांबरोबर वळला, इतरांबरोबर आला, आणि आपल्या जागेवर येऊन लागला.

"एकच आहे, ताई," इम्रान म्हणाला. "सकाळचा. फोनने पूर्ण ताकद लावलीय. बॅटरी तीन टक्के. जागा सांगायला लागला आणि मधेच तुटला."

"अंतर?"

"सिग्नल पोचायला लागलेल्या वेळेवरून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. दिशा नाही. आपला एकच टॉवर पकडतोय तिथलं."

म्हणजे टॉवरभोवती कंपासने काढलेल्या एका भल्यामोठ्या अर्धवर्तुळावर कुठेतरी तिचा भाऊ होता, आणि त्याच्याबरोबर चार खलाशी. होड्यांवरची जागा कळवणारी जुनी सरकारी यंत्रं फोन आल्यापासून कोणी दुरुस्तच केली नव्हती. वायरलेस तर रूपेश अशा फेरीला मुद्दाम बंद ठेवायचा, कुणाला आवाज जाऊ नये म्हणून.

हर्षदाने गस्तीच्या जहाजाला कळवलं. तिकडच्या अधिकाऱ्याचा आवाज शांत होता, आणि त्या शांतपणाचाच तिला राग आला. "आम्ही निघालोय," तो म्हणाला. "पण ह्या वाऱ्यात एवढं सगळं अर्धवर्तुळ चाळायचं तर संध्याकाळ उलटेल. मला दिशा द्या. दिशा मिळाली तर दोन तासांत पोचतो."

दिशा फक्त एका माणसाला ठाऊक होती. ते माणूस आत्ता घरी चुलीपाशी असणार होतं.

हर्षदाने स्कूटर काढली.

सुवर्णा खरोखरच स्वयंपाकघरात होती. वड्यांचं पीठ मळून ठेवलं होतं, गॅसवर चहाचं आधण होतं. नणंदेला ओलीचिंब बघून तिने आधी टॉवेल पुढे केला.

"ये गो. ह्या वाऱ्यात कित्याक इलंस? दादा तुझो इलो बरो. आत्ताच मेसेज इलो."

"वहिनी, दादा इलेलो नाय."

"असा कसा? हो बघ." सुवर्णाने पदराला हात पुसून फोन पुढे धरला. 'पोचलंय. मासळी उतरवन येतंय. च्याय ठेव.'

"ह्यो दादाचो नाय. यंत्राचो अंदाज आसा. मी आत्ता बंदरातसून इलंय. होडी नाय थय."

सुवर्णा हसली. वेड्या माणसाला समजवावं तशी हसली. "माका शिकवतंस? बारा वर्सां संसार केलंय. त्येच्याशिवाय 'च्याय ठेव' कोण लिवतला? खयतरी दुसरीकडे लागली असतली होडी. देवगडाक लागली असतली."

"तो सुरमईच्या जाग्यार गेल्लो. आनि सकाळी त्येच्या फोनान बोलूचो प्रयत्न केल्यान, पूर्ण ताकद लावन. सगळा बरा असता तर तो फोन गप बसलो असतो. वहिनी, ती जागा खय आसा ता तुका ठावक आसा."

हसू मावळलं. सुवर्णाने गॅस बारीक केला आणि हर्षदाकडे पाठ करून उभी राहिली. "माका काय ठावक नाय."

ठाऊक नसल्याचं ती का सांगते, हे हर्षदाला पक्कं माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी रूपेश एक दिवस उशिरा आला होता. सुवर्णाने घाबरून आपल्या भावाला जागा सांगितली आणि शोधायला पाठवलं. रूपेश आपला मजेत होडी भरून येत होता. महिन्याभरात त्या जागेवर सगळ्या वाडीच्या होड्या लागल्या आणि तिथली सुरमई संपली. रूपेश तेव्हा बायकोशी भांडला नाही, पण तिला सातेरीच्या देवळात घेऊन गेला. देवीपुढे नारळ ठेवला आणि तिच्याकडून वचन घेतलं : माझा शब्द आल्याशिवाय नवी जागा कुणालाही सांगायची नाही, अगदी माझ्या आईलासुद्धा नाही. त्यानंतर सुवर्णाने तो विषयच काढला नव्हता.

"वहिनी, माझो भाव आसा तो!"

"आनि माझो घोव." सुवर्णा वळली. "खरा सांग. मच्छीमार सोसायटीन धाडल्यान तुका? फोन झाकून ठेवता ता पकडूक? डिझेलाची सवलत बंद करूची आसा त्येंका."

"तुका माझ्यावर इतकोय इस्वास नाय?"

"तूच म्हणतंस, ह्यो मेसेज खोटो. चार वर्सां हेच मेसेज वाचून मी रात्री झोपतंय. ते खोटे असते तर तू माका आदीच सांगितलं असतंस. नाय सांगितलंस. मगे आज कित्याक सांगतंस?"

ते सगळं समजावून सांगायला अख्खी दुपार लागली असती, आणि तेवढ्या वेळात अर्धवर्तुळावरची माणसं कुठल्या कुठे वाहून गेली असती.

"त्येचो शब्द येवंदे," सुवर्णा म्हणाली. "दुसऱ्या क्षणाक सांगतंय. माका काय हौस आसा? थांब, मीच फोन लावतंय."

तिने फोन उचलला तशी हर्षदाने झेप घेऊन तिचं मनगट धरलं. "नको! तीन टक्के बॅटरी आसा त्येची. तुझी रिंग थय पोचली की रेडिओ पुरो जागो जातलो आनि फोन मरतलो. काय बोललाच तर आपणहून बोलूंदे त्येका."

"सोड!"

"वहिनी, हात जोडतंय. एकदा फोन विझलो काय संपला."

दोघींची ओढाताण झाली. पिठाची परात सांडली. शेवटी फोन हर्षदाच्या हातात आला तेव्हा सुवर्णा भिंतीला टेकून खाली बसली होती. ती रडत नव्हती, फक्त डोळे मोठे करून नणंदेकडे बघत होती, जणू घरात परका कुणी शिरलाय.

हर्षदाने फोन तिच्या पुढ्यात ठेवला आणि ती वळली. "लाव नको. मी दारातच आसंय."

ती पडवीत गेली. पाऊस आडवा येत होता. इम्रानचा निरोप येऊन पडला होता : जहाज उत्तरेकडून सुरुवात करतंय, वारा वाढतोय, दिशा मिळाली का? तिने स्वतःच्या फोनवर चाचणीचं पान उघडलं. ह्या तंत्राची पहिली चाचणी तिने घरच्याच माणसांवर केली होती, त्यामुळे सुवर्णाच्या फोनमध्ये हवा तो अंदाज घालायचा अधिकार तिच्याकडे अजून होता. आशय आपण द्यायचा, शब्द यंत्र त्या माणसाचे वापरायचं.

आपण काय करतोय हे तिला स्वच्छ कळत होतं. शपथेने बांधलेल्या बाईला ती तिच्या नवऱ्याच्या नावाने फसवणार होती. पण दुसरा उपाय तिला दिसेना, आणि तो शोधत बसायची चैन तिला परवडणारी नव्हती. तिने लिहिलं : अडकलो आहे, जागा हर्षाला सांग.

यंत्राने क्षणभरात मजकूर पुढे केला : 'सुव्या, पोचलंय म्हटलंय ता खोटा. तू भियाशीत म्हणान लिवलंय. मशीन बंद पडला. हर्षाक जागा सांग. पोरांका येळेर जेवूक घाल.'

पोरांचं तिने काही सांगितलं नव्हतं. आणि आपला भाऊ आपल्या बायकोला 'सुव्या' म्हणतो, हेही तिला आजवर माहीत नव्हतं. दुसऱ्याच्या खोलीत न विचारता गेल्यासारखं तिला ओशाळं वाटलं. तिने बटण दाबलं.

आत फोन वाजला.

मग सुवर्णा पडवीत आली. फोन छातीशी धरला होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"बघ गो. माका भिया वाटात म्हणान 'पोचलंय' लिवल्यान. असोच आसा तो. स्वतः मरणात पडलो तरी माका सांगूचो नाय." तिने नाक पुसलं, देवीच्या दिशेला हात जोडले आणि म्हणाली, "लिव. निवतीच्या खडकावरचो दिवो पाठीक घेवचो आनि सरळ मावळतीक जावचा. सरळ, जराय वाकूचा नाय. थय पाण्याखाली डोंगर आसा."

हर्षदाच्या डोळ्यांपुढे रेषा उभी राहिली. निवतीच्या दीपगृहापासून मावळतीकडे जाणारी ती सरळ रेषा टॉवरभोवतीच्या अर्धवर्तुळाला एकाच ठिकाणी छेदत होती.

तिने इम्रानला कळवलं. इम्रानने जहाजाला वायरलेसवरून जागा दिली आणि वायरलेस सगळ्यांनाच ऐकू येतो. बंदरात प्रत्येक होडीवर तो लावलेलाच होता. निवतीचा दिवा, सरळ मावळत, पाण्याखाली डोंगर. रूपेशने दोन वर्षं जिवापाड लपवलेली जागा एका दमात सगळ्या किनाऱ्याला पाठ झाली.

पुढचा वेळ दोघींनी केंद्रातच काढला. सुवर्णाला घरी बसवेना. इम्रानने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. नकाशावर 'सातेरीप्रसाद'चा हिरवा ठिपका अजून बंदरातच होता आणि अजून सुखरूप होता. सुवर्णा त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. हर्षदाला तो पुसून टाकावासा वाटला. तो पुसला असता तर तिथे 'माहीत नाही' असं आलं असतं, आणि वहिनीपुढे तो शब्द आणायचा तिला धीर झाला नाही.

"त्येका परत एक मेसेज धाडूया?" सुवर्णाने विचारलं. "इतकोच, जहाज येता म्हणान?"

"नको, वहिनी. बॅटरी."

"हां, हां. बॅटरी." तिने शहाण्या मुलीसारखी मान हलवली. हर्षदाला तिथून उठून जावंसं वाटलं.

दोन तास झाले, जहाज जागेवर पोचलं आणि त्याने कळवलं की काही दिसत नाही. इम्रानने वाऱ्याचा हिशेब पुन्हा मांडला. सकाळपासून होडी लोटली गेली असणार, आग्नेयेकडे बघा म्हणाला. जहाज वळलं. सुवर्णाने डोळे मिटले आणि ती ओठ हलवत राहिली. हर्षदा उभीच होती. आपण खोटं बोललो ते वाया गेलं तर काय, हा विचार तिच्या मनात आला. दादा गेला तर काय, हा विचार त्याच्यामागून आला, आणि क्रम उलटा लागला म्हणून ती स्वतःवरच चिडली.

मग वायरलेस खरखरला. आधी जाळ्याचे तरंगते डबे दिसले. मग पालथी होडी. मग अधिकाऱ्याचा तोच शांत आवाज म्हणाला, "होडीवर माणसं आहेत. चार दिसतात." थोडं थांबून, "नाही, पाच. पाच आहेत. हात हलवतायत."

सुवर्णा खुर्चीवरून उठली आणि तिने नणंदेला अशी मिठी मारली की तिचा श्वास कोंडला. "तुझ्यामुळे," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "तुझ्यामुळे गो बाय, तुझ्यामुळे." हर्षदाही रडली. त्या क्षणी तिला खरंच वाटलं की जे झालं ते ठीकच झालं.

रूपेश इस्पितळातून घरी आला तो हात प्लास्टरमध्ये आणि दोन बरगड्या मोडलेल्या घेऊन. भेटायला येणारे सोलकढीचं आमसूल आणि शहाळी घेऊन येत होते, आणि जाता जाता काहीतरी बोलून जात होते. वारा पडल्यापासून त्या जागेवर रोज चाळीस-पन्नास होड्या लागतात. बर्फ पुरत नाही. 'तुझी जागा म्हणजे सोना आसा रे बाबा.' लोकांचं मन वाईट नव्हतं, पण जखमेवर मीठ चोळायला मन वाईटच लागतं असं नाही. रूपेश हं-हं करत ऐकून घेत होता.

त्या दुपारी हर्षदा आली तेव्हा पाहुणे नुकतेच गेले होते. रूपेश खाटेवर उशीला टेकून बसला होता, सुवर्णा खाली बसून कांदा चिरत होती.

"सुवर्णा," तो म्हणाला. आवाज चढवलेला नव्हता. "देवीसमोर काय ठरलेला आपला?"

कांद्यावरचा हात थांबला. "तुझो शब्द इलो, तेवाच सांगितलंय."

"खयचो शब्द?"

"मेसेज धाडलंस तो."

"मी? माझो फोन सकाळीच गेलो. डब्यातसून काढलंय, एकदा लावन बघितलंय, इतक्यात लाट इली. मी कसो मेसेज धाडतलो?"

सुवर्णाने हात पुसले, फोन आणला आणि त्याच्यापुढे धरला. रूपेशने वाचलं. परत वाचलं. 'सुव्या' या शब्दापाशी त्याची नजर थांबली. मग नवराबायकोंनी एकदमच हर्षदाकडे पाहिलं.

हर्षदाने मान खाली घातली नाही. तेवढं तरी आपण करायचं, असं तिने येतानाच ठरवलं होतं. "मी धाडलो," ती म्हणाली. "यंत्राकडसून लिवन घेतलंय. वहिनी शब्द मोडूची नाय, आनि येळ नव्हतो."

रूपेशने सुस्कारा सोडला. "आमी पाच जण जिवंत आसंव ता त्या खोट्यामुळे. तुका काय बोलू? जागा काय, दुसरी मिळतली." तो उदार मनाने बोलला आणि विषय संपला असं त्याला वाटलं. पुरुषांना तसं लवकर वाटतं.

सुवर्णा त्याचं ऐकतच नव्हती. ती फोनवर बोट फिरवत होती.

"आनि 'पोचलंय, च्याय ठेव'?" तिने हर्षदाला विचारलं.

"तो यंत्राचो."

"त्येच्या आदल्या रात्रीचो? 'जेवलंय, तू झोप'?"

"समुद्रार असतानाचे बहुतेक..." हर्षदाला वाक्य पुरं करता येईना. "काय काय त्येना लिवलेले आसतीत. पण बहुतेक यंत्राचे."

सुवर्णाचं बोट वर वर जात राहिलं. चार वर्षांच्या रात्री तिच्या अंगठ्याखालून सरकत होत्या. एका ठिकाणी ती थांबली, आणि तिने फोन हर्षदाच्या हातात दिला.

"माझी आय गेली तेवा ह्यो समुद्रार होतो," ती म्हणाली. "मी कळवलंय. त्येच्यावर ह्यो जवाब इलेलो."

हर्षदाने वाचलं. 'सुव्या, रडून घे. दाबून ठेव नको. मी हय आसंय, पण माझ्याय डोळ्यात पाणी इला.'

"मी ह्यो किती येळा वाचलंय ता माझा माका ठावक," सुवर्णा म्हणाली. "ह्या एका मेसेजावर मी ते दिवस काढलंय. ह्यो कोणाचो?"

हर्षदाने आपला फोन काढला. खरं काय ते तिथे दिसत होतं, ते कळायला एक क्षण लागला. खोटं बोलायचं असतं तर तोच एक क्षण होता. 'दादाचा' एवढं म्हटलं असतं तर कोण तपासायला जाणार होतं? पण ह्या बाईला ती एकदा फसवून चुकली होती.

"यंत्राचो, वहिनी."

मग रूपेश खाटेवर जरा पुढे झुकला, बरगड्या दुखल्या म्हणून कळवळला, आणि घाईघाईने म्हणाला, "अगो, तेवा आमी जाळी वढत होतंव. मी फोन बघितलंय तेवा जवाब गेल्लोच होतो. मी वाचलंय. माझ्या मनातला जसाच्या तसा होता. मगे परत काय लिवचा?" त्याचा आवाज खाली आला. "मी ह्याच लिवला असता, सुव्या. देवाशपथ, ह्याच लिवला असता."

सुवर्णाने हर्षदाच्या हातून आपला फोन परत घेतला आणि पहिल्यांदाच नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"लिवला असतंस," ती म्हणाली. "पण लिवलंस नाय."